फ्रेम घडते ती आधी कानशीवर

नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. आज नागपुरात सायकलीचे गियर, टायर आणि कार्बनवर अधिकारवाणीने बोलणारे पुष्कळ भेटतात. पण सायकलीची स्टीलची फ्रेम स्वतःच्या हाताने बनवायची आहे असं धंतोलीत कुणी म्हटलं, तर सल्ला ठरलेला असतो: ‘वेल्डिंगवाल्याकडे जा.’

हा सगळ्यांत हट्टी गैरसमज. वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकड्यांच्या कडा वितळून एकजीव होतात. पारंपरिक फ्रेममध्ये नळी वितळतच नाही. तिथे ब्रेझिंग होतं, म्हणजे झाळकाम. पितळ साधारण ९०० अंश सेल्सिअसला वितळतं, चांदीचा डाख ६५० ते ७०० अंशांच्या आसपास. पोलाद वितळायला १,४०० च्या वर जावं लागतं. नळी आणि तिच्यावर बसणारा पोकळ जोड, म्हणजे लग, यांच्यामधल्या बारीक फटीत वितळलेला धातू केशाकर्षणाने आपोआप ओढला जातो. इतवारीच्या सराफ्यात टाकणखार लावून दागिन्याचा सांधा झाळणाऱ्या कारागिराला ही क्रिया समजावून सांगावी लागणार नाही.

फटीचं माप मात्र कडक असतं. चांदीच्या झाळकामात ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जास्त नको. म्हणून सांध्याबाहेर साचलेला पितळेचा ढीग बघून ‘काय मजबूत जोड आहे’ म्हणणारे चुकतात. ताकद आतल्या पातळ, सलग थरात असते, आणि तो थर नीट पसरतो तो आधी केलेल्या घासकामामुळे. प्रत्येक नळीच्या टोकाला दुसऱ्या नळीवर अचूक टेकेल अशी गोलसर खाच अर्धगोल कानशीने काढावी लागते. लग आतून साफ करावा लागतो, गंज आणि तेलाचा अंशही उरू द्यायचा नसतो. शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ या कामात जातो. गॅसची ज्योत त्या मानाने थोडाच वेळ पेटलेली असते. ज्याला घासकामाचा कंटाळा आहे त्याने या वाटेला जाऊ नये, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

‘नळी ती नळी, कुठूनही कापा’ हा समज तर महागात पडतो. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ असलेल्या नळीचं पेटंट घेतलं. त्यांच्या कंपनीची १९३५ सालची ‘५३१’ ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी पुढे अनेक दशकं शर्यतीच्या सायकलींचा आधार होती. अशा नळीची भिंत टोकाला ०.८ मिलिमीटर, तर मध्ये ०.५ मिलिमीटर इतकी असू शकते. जाड भागाची लांबी न मोजता कापलं, तर सांधा नेमका पातळ भागावर येतो. रेनॉल्ड्सची ‘७५३’ ही त्याहून पातळ, उष्णताप्रक्रिया केलेली नळी १९७० च्या दशकात आली, तेव्हा कारागिराने नमुन्याचा सांधा पाठवून परीक्षा पास झाल्याशिवाय ती मिळत नसे. जास्त तापवलं की तिची ताकद जाते, म्हणून.

महाग पोलाद जास्त ताठ असतं, हेही खरं नाही. ते अधिक ताण सोसतं, इतकंच. ताठपणा ज्यावर अवलंबून असतो तो स्थितिस्थापकता गुणांक सगळ्या पोलादांत जवळपास सारखा, २०० गिगापास्कलच्या आसपास असतो. फ्रेम ताठ लागते की लवचीक, हे ठरतं नळीच्या व्यासावर आणि भिंतीच्या जाडीवर.

आणि वजन? स्टील म्हणजे जड, हे आपल्या मनात काळ्या दांडीच्या सायकलीने बसवलं. ती जड असते कारण तिच्या नळ्या साध्या पोलादाच्या आणि जाड असतात, दोन पोती लादूनही टिकाव्यात म्हणून. ऑक्टोबर १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत सायकलपटू एडी मर्क्स यांनी एका तासात ४९.४३१ किलोमीटर कापले, ते एर्नेस्टो कोल्नागो यांनी बनवलेल्या स्टीलच्या सायकलीवर. तिचं वजन होतं सुमारे ५.७५ किलो. ट्रॅकची सायकल असल्याने तिला ब्रेक आणि गियर नव्हते, हे खरं. तरीही आज शर्यतीसाठी किमान ६.८ किलोचा नियम आहे, हे लक्षात घ्यावं.

ही विद्या परदेशातलीच, असं मानण्याचंही कारण नाही. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० मध्ये कायदा करून केंद्र सरकारने त्याचं राष्ट्रीयीकरण केलं. कोपऱ्यावरच्या दुकानात चाकाचा आउट काढायला टांगलेल्या जुन्या काळ्या सायकलीच्या हेड ट्यूबजवळ, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीजवळ पाहिलं, तर लग डोळ्यांनी दिसतात. फ्रेम बनवण्याचं खास विद्यालय नागपुरात नसलं, तरी धंतोलीपासून जवळच, श्रद्धानंद पेठेत, शासकीय आयटीआय आहे. आयटीआयच्या फिटर ट्रेडची सुरुवात कानस, गुण्या आणि मोजमापाने होते, वेल्डर ट्रेडमध्ये गॅस आणि ब्रेझिंग येतं. या दोन्हींपेक्षा चांगला पाया सापडणं अवघड आहे.

महागड्या जिगशिवाय फ्रेम सरळ येत नाही, ही भीतीही अनाठायी. जिग नळ्या धरून ठेवते; थंड होताना सांधा ओढतो, तो तिच्यातही ओढतो. म्हणून आधी टाके, मग तपासणी, मग पूर्ण झाळ. तपासायला दोरा पुरतो: एका ड्रॉपआउटपासून, म्हणजे मागच्या चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून निघून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आणायचा. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आलं, तर मागचा भाग मध्यावर आहे.

मात्र दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली हवा. नागपूरच्या मे महिन्यात पंखा थेट ज्योतीवर सोडता येत नाही, सांधा असमान तापतो. पण धूर बाहेर गेलाच पाहिजे. जास्त तापलेल्या पितळेतून जस्ताची वाफ निघते, चांदीच्या डाखासोबत टाकणखारासारखा लावायच्या फ्लक्समध्ये फ्लोराइड असतं, आणि कॅडमियम असलेला डाख तर घेऊच नये.

दुसरी गोष्ट चाचणीची. कारखान्यातली फ्रेम आयएसओ ४२१० च्या मानकाप्रमाणे १ लाख वेळा पेडलचा भार देऊन तपासली जाते. घरच्या कारागिराकडे ते यंत्र नसतं. त्याने सरावाचे सांधे उभे चिरून आत डाख कुठवर पोचला ते पाहावं, आणि पहिली फ्रेम रस्त्यावर आली की हेड ट्यूबमागच्या खालच्या नळीवर आणि पेडलांचा आस बसतो त्या बॉटम ब्रॅकेटजवळ रंगाला बारीक भेग पडली आहे का, हे दर आठवड्याला फडक्याने पुसून बघावं.