विश्लेषण : शोध अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेत, बॅटरी चीनमध्ये! पेटंट असूनही असे का घडले?

करदात्यांच्या पैशातून सरकारी प्रयोगशाळेत एखादा शोध लागतो, त्याचे पेटंटही घेतले जाते. मग त्या शोधावर आधारित कारखाना त्याच देशात उभा राहतो का? अमेरिकेतील एका बॅटरीच्या प्रकरणाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. ऊर्जा संशोधनासाठी मोठा निधी उभारणाऱ्या भारतासाठीही तो तितकाच महत्त्वाचा आहे. त्या निमित्ताने सरकारी संशोधनातील पेटंटचे गणित नेमके कसे चालते, याचा हा आढावा.

नेमके प्रकरण काय?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात रिचलंड येथे पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरी आहे. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या १७ राष्ट्रीय प्रयोगशाळांपैकी ही एक. तेथील सुमारे दोन डझन शास्त्रज्ञांनी सहा वर्षे खपून आणि दीड कोटी डॉलरहून अधिक सरकारी पैसा खर्च करून एका नव्या प्रकारच्या व्हॅनेडियम बॅटरीचे तंत्र विकसित केले. या चमूचे प्रमुख गॅरी यांग यांनी २०१२ मध्ये प्रयोगशाळा सोडली. तंत्रज्ञान वापरण्याचा परवाना घेऊन त्यांनी ‘युनिएनर्जी टेक्नॉलॉजीज’ ही कंपनी काढली. अमेरिकेत विकायच्या ठरावीक बॅटऱ्या अमेरिकेतच बनवायच्या, अशी अट परवान्यात होती.

पण अमेरिकेत पुरेसे गुंतवणूकदार मिळत नव्हते. कंपनीचा संबंध चीनमधील दालियान शहरातील ‘राँगके पॉवर’शी जुळला. उत्पादन तिकडे सरकले आणि २०१७ मध्ये या कंपनीला रीतसर उप-परवानाही दिला गेला. २०२१ मध्ये मूळ परवाना नेदरलँड्समधील एका कंपनीकडे हस्तांतरित झाला. त्याला प्रयोगशाळेकडून मंजुरीही मिळाली. त्याच सुमारास अमेरिकेत या बॅटऱ्या बनवू इच्छिणारी दुसरी एक कंपनी परवान्यासाठी खेटे घालत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘एनपीआर’ या अमेरिकी सार्वजनिक रेडिओने हे प्रकरण उघड केले. त्यांच्या पत्रकारांनी विचारणा सुरू केल्यानंतर ऊर्जा खात्याने परवाना रद्द केला. तोवर वेळ निघून गेली होती. त्याच वर्षी दालियानमध्ये १०० मेगावॉट क्षमतेचा, ४०० मेगावॉट-तास वीज साठवणारा व्हॅनेडियम बॅटरी प्रकल्प वीजजाळ्याला जोडला गेला.

या बॅटरीत एवढे विशेष काय?

मोबाइलमधील बॅटरीत वीज घन पदार्थांच्या पातळ थरांत साठते. व्हॅनेडियम ‘फ्लो’ बॅटरीत ती द्रवात साठते. दोन मोठ्या टाक्यांत व्हॅनेडियमचे आम्लयुक्त द्रावण असते. पंपाने ते मधल्या कक्षातून फिरवले जाते आणि तेथील पडद्याच्या दोन्ही बाजूंना होणाऱ्या रासायनिक क्रियेतून वीज मिळते. जास्त वीज साठवायची तर टाक्या मोठ्या करायच्या, एवढेच. पाण्यावर आधारित द्रावण असल्याने आग लागण्याचा धोका फार कमी असतो. मात्र ही यंत्रणा अवजड असते. त्यामुळे ती मोटारीत बसवण्याजोगी नाही. सौर आणि पवन ऊर्जा साठवायला उपयोगी आहे.

मूळ कल्पना १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस यांच्या चमूने प्रत्यक्षात आणली. तिच्यात एक अडचण होती. केवळ सल्फ्युरिक आम्ल वापरले तर तापमान थोडे वर-खाली होताच व्हॅनेडियमचे क्षार तळाशी बसत. अमेरिकी प्रयोगशाळेने त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळले. त्यामुळे साठवणक्षमता सुमारे ७० टक्क्यांनी वाढली आणि बॅटरी अधिक थंडी-उन्हात चालू लागली. पेटंट होते ते या सुधारणेचे. चीनमध्येही या क्षेत्रात स्वतंत्र संशोधन झालेले आहे, त्यामुळे तिथली सगळी प्रगती एका परवान्यामुळे झाली असे म्हणता येणार नाही. पण अमेरिकेच्या हाती असलेली आघाडी निसटली, हे खरे.

सरकारी प्रयोगशाळेतील शोध कोणाच्या मालकीचा?

आधी याचे उत्तर सोपे होते : सरकारच्या. एन्रिको फर्मी आणि लिओ झिलार्ड यांच्या अणुभट्टीचे उदाहरण बोलके आहे. शिकागोत २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडली. पेटंटचा अर्ज डिसेंबर १९४४ मध्ये दाखल झाला, पण युद्धकाळातील गोपनीयतेमुळे पेटंट मंजूर व्हायला मे १९५५ उजाडले. तोवर फर्मी यांचे निधन झाले होते. पेटंट क्रमांक २७,०८,६५६ वर मालक म्हणून नाव होते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे.

हीच पद्धत पुढे चालू राहिली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी सरकारकडे सुमारे २८ हजार पेटंटे साचली होती. त्यांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी पेटंटांचा व्यावसायिक वापर होत होता. बाकीची कपाटात पडून होती. जो शोध कोणीही वापरू शकतो, त्याच्यावर कारखाना काढण्याची जोखीम एकही उद्योजक घेईना.

यावर तोडगा म्हणून डिसेंबर १९८० मध्ये ‘बे-डोल’ कायदा आला. डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर बर्च बे आणि रिपब्लिकन पक्षाचे बॉब डोल यांचे नाव त्याला मिळाले. सरकारी निधीतून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठे आणि लहान उद्योगांना स्वतःकडे ठेवता येऊ लागली. पुढील दुरुस्त्यांमुळे राष्ट्रीय प्रयोगशाळा चालवणाऱ्या ना-नफा संस्थांनाही ही सवलत मिळाली. या संस्था उद्योगांना परवाना देतात, मोबदला घेतात आणि त्यातील वाटा संशोधकालाही देतात.

मग जनतेच्या हिताची काळजी कोण घेणार?

कायद्यात त्यासाठी तरतुदी आहेत. एक, सरकारला तो शोध स्वतःच्या कामासाठी विनामूल्य वापरता येतो. दोन, अमेरिकेत वापरण्याचा किंवा विकण्याचा एकाधिकार परवाना घेणाऱ्याने उत्पादन प्रामुख्याने अमेरिकेतच करायचे; ते शक्य नसल्यास सूट मागायची. तीन, परवानाधारक शोध वापरातच आणत नसेल किंवा अटी पाळत नसेल, तर सरकार हस्तक्षेप करून दुसऱ्याला परवाना द्यायला लावू शकते. याला ‘मार्च-इन’ अधिकार म्हणतात. मात्र कायद्याच्या पहिल्या चार दशकांत हा अधिकार एकदाही वापरला गेला नाही.

व्हॅनेडियम बॅटरीच्या प्रकरणात हाच कच्चा दुवा दिसतो. देशात उत्पादनाची अट होती आणि परवाना रद्द करण्याचा अधिकारही होता. ज्याने अट पाळायची, तो ती पाळतो आहे का, हे दरवर्षी कोणी तपासत नव्हते.

पेटंट असताना परदेशात उत्पादन रोखता येत नाही का?

पेटंट ज्या देशाने दिले, त्या देशापुरतेच चालते. अमेरिकी पेटंटच्या आधारे चीनमधील उत्पादन थांबवता येत नाही. त्यासाठी चीनमध्येही पेटंट घ्यावे लागते. शिवाय पेटंट म्हणजे गुपित नव्हे. उलट, शोध कसा चालतो हे जाहीर करण्याच्या बदल्यात साधारण २० वर्षांचा एकाधिकार मिळतो. ते कागद जगात कोणीही वाचू शकतो.

मात्र परदेशात बनलेला माल आपल्या देशात आला, तर पेटंटधारक त्याला अडवू शकतो. हे हत्यार कसे चालते, हे अमेरिकेच्याच दुसऱ्या एका बॅटरीने दाखवले.

यशस्वी उदाहरण कोणते?

शिकागोजवळची अरगॉन नॅशनल लॅबोरेटरी ही फर्मी यांच्या युद्धकालीन प्रयोगशाळेचीच वारसदार. तेथील मायकेल थॅकरे, ख्रिस्तोफर जॉन्सन, खलील अमीन आणि जेकूक किम यांनी लिथियम बॅटरीच्या धन टोकासाठी नवे रसायन शोधले. महागड्या कोबाल्टचा मोठा भाग कमी करून तिथे स्वस्त मँगेनीज आणि निकेल वापरायचे, हा त्याचा गाभा. अशा मिश्रणात चार्जिंगच्या वेळी लिथियम बाहेर पडले की रचना ढासळण्याचा धोका असतो. मँगेनीजचा एक निष्क्रिय घटक आधारासारखा मिसळून त्यांनी ती टिकवली. निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट या तीन धातूंमुळे या कुळातील रसायनांना ‘एनएमसी’ म्हणतात. अरगॉनच्या या शोधाची दोन पेटंटे जानेवारी २००४ मध्ये मंजूर झाली.

जर्मनीची बीएएसएफ, जपानची तोडा कोग्यो, दक्षिण कोरियाची एलजी केम आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांनी परवाने घेतले. २०१० च्या अखेरीस बाजारात आलेल्या शेव्हरोले व्होल्ट या मोटारीच्या बॅटरीत हे तंत्र वापरले गेले. बीएएसएफने २०१२ मध्ये ओहायो राज्यातील इलिरिया येथे कारखाना सुरू केला. त्यासाठी ऊर्जा खात्याचे अनुदानही होते. पुढे बेल्जियमच्या युमिकोर कंपनीविरुद्ध बीएएसएफ आणि अरगॉनने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे धाव घेतली. डिसेंबर २०१६ मध्ये आयोगाने पेटंटभंग झाल्याचा निर्णय देऊन संबंधित मालाच्या आयातीवर निर्बंध घातले. अखेर दोन्ही पक्षांत समझोता झाला.

म्हणजे येथे पेटंटच्या मागे परवानाधारक, सरकारी अनुदान, मोटार कंपनीच्या रूपाने ग्राहक आणि न्यायालयीन लढ्याची तयारी असे सगळे होते. तरीही आज अशा धन टोकाच्या साहित्याचे जगातील बहुतांश उत्पादन चीनमध्येच होते. एका पेटंटची ताकद कितपत पुरते, हेही यातून कळते.

मोबाइलच्या बॅटरीचेही असेच झाले होते?

हो, आणि ते अधिक बोचरे आहे. तुमच्या हातातील मोबाइलची बॅटरी ज्या रसायनातून घडली, ते लिथियम कोबाल्ट ऑक्साइड १९८० मध्ये ब्रिटनच्या ऑक्सफर्ड विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या चमूने पुढे आणले. विद्यापीठाने पेटंट घेण्यात रस दाखवला नाही. शेवटी हार्वेल येथील ब्रिटनच्या सरकारी अणुऊर्जा संशोधन केंद्राने ते घेतले; गुडइनफ यांनी मोबदल्यावरील हक्क सोडून दिला. मात्र १९९१ मध्ये अशी बॅटरी बाजारात आणली ती जपानच्या सोनीने. ब्रिटनच्या सरकारी संस्थेकडे पेटंट होते, पण ते वापरणारा ब्रिटिश कारखाना उभा राहिला नाही. गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अरगॉनच्या थॅकरे यांनीही ऐंशीच्या दशकाच्या आरंभी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम केले होते.

अमेरिकेने काय धडा घेतला?

जून २०२१ मध्ये ऊर्जा खात्याने नियम कडक केले. देशांतर्गत उत्पादनाची अट आता केवळ एकाधिकार परवान्यापुरती नाही. खात्याच्या निधीतून लागलेल्या शोधांना ती अधिक व्यापकपणे लागू करण्यात आली. व्हॅनेडियम प्रकरणानंतर परवानाधारकांवरील देखरेखीचा मुद्दाही पुढे आला. दुसरी बाजूही आहे. अटी फार कडक झाल्या तर कंपन्या सरकारी शोधांकडे पाठ फिरवतील आणि पेटंटे पुन्हा १९८० पूर्वीसारखी कपाटात जातील, अशी भीती परवाना देणाऱ्या संस्थांना वाटते. देशात भांडवलच मिळाले नाही, तर अट पाळणार कशी, हा प्रश्नही उरतोच.

भारतात स्थिती काय?

‘बे-डोल’च्या धर्तीवर भारतातही सार्वजनिक निधीतून निर्माण होणाऱ्या बौद्धिक संपदेबाबतचे विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते. ज्ञान सर्वांसाठी खुले राहणार नाही, विद्यापीठांवर कागदपत्रांचा बोजा पडेल, असे आक्षेप आले आणि २०१४ मध्ये ते मागे घेण्यात आले. सध्या सीएसआयआरसारख्या संस्था आपापल्या धोरणानुसार परवाने देतात. भारतीय पेटंट कायद्यात मात्र एक उपयुक्त तरतूद आहे. पेटंट देशात प्रत्यक्ष वापरले जाते का, याचे विवरण पेटंटधारकाला ठरावीक काळाने द्यावे लागते. ते वापरात नसेल, तर तीन वर्षांनंतर दुसरा उत्पादक सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करू शकतो.

योगायोग असा, की अमेरिकेतील प्रकरण गाजत होते त्याच ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी विकसित केलेली हायड्रोजन इंधनपेशीवरील बस सादर झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा या तंत्रज्ञानात वाटा आहे. त्यानंतर २०२५ मध्ये केंद्र सरकारने खासगी क्षेत्रातील संशोधन आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना आणली. ऊर्जा सुरक्षा हे तिच्यातील प्राधान्याचे क्षेत्र आहे.

म्हणजे पैसा आहे आणि प्रयोगशाळाही आहेत. किती पेटंटे मिळाली, याचे आकडे दरवर्षी जाहीर होतील. पण त्यांपैकी किती परवान्यांवर देशात उत्पादन सुरू झाले आणि अटी मोडणाऱ्या किती परवानाधारकांना जाब विचारला गेला, हे दोन आकडेही त्यांच्या शेजारी छापले जायला हवेत. रिचलंडच्या प्रयोगशाळेत कमी पडली ती नेमकी हीच नोंदवही.