गिनी पिगच्या ताटात काय वाढायचं?

गिनी पिगला काय खायला घालायचं, हा प्रश्न पाळणाऱ्यांचा वाटतो. पण उद्या तुम्ही प्राण्यांवर प्रयोग करणार असाल, तर तो तुमचाही आहे.

आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे नॉर्वेतले दोघे संशोधक बेरीबेरीच्या मागे होते. त्यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर आणि पावावर ठेवलं. बेरीबेरी झालाच नाही, झाला तो स्कर्व्ही! सोबत ताजा कोबी दिला की आजार टळायचा. हे काम १९०७ साली प्रसिद्ध झालं. त्यांनी उंदीर घेतले असते तर यातलं काहीच दिसलं नसतं, कारण उंदराचं यकृत क जीवनसत्त्व स्वतःच बनवतं. गिनी पिगमध्ये (आणि आपल्यातही) ते बनवणाऱ्या शेवटच्या एन्झाइमचं जनुक निकामी आहे.

म्हणजे ते रोज बाहेरूनच मिळायला हवं. निरोगी प्राण्याला दर किलो वजनामागे साधारण १० ते ३० मिलिग्रॅम. ढोबळी मिरची उत्तम, थोडी कोथिंबीरही चालते. पाण्याच्या बाटलीत गोळी विरघळवू नका, जीवनसत्त्व पाण्यात लवकर नासतं. तयार खाद्याच्या गोळ्यांतलंही साठवणीत कमी होत जातं. आणि सशाचं खाद्य? दिसायला अगदी तसंच, पण ससा क जीवनसत्त्व स्वतः बनवतो, त्यामुळे त्यात ते घातलेलं असेलच असं नाही.

आता समजा, तुम्ही जखम भरून येण्याचा वेग मोजताय. क जीवनसत्त्वाशिवाय कोलॅजन नीट बनत नाही, जखमा रेंगाळतात. एका गटाला ताज्या पोत्यातलं खाद्य आणि दुसऱ्याला सहा महिने पडून राहिलेलं, असं झालं तर तुम्ही औषध मोजताय की पोतं? म्हणून खाद्य कधी तयार झालं ती तारीख वहीत लिहाच. पद्धतीच्या प्रकरणात खाद्याबद्दल एकच ओळ असेल, तर मला तरी तो प्रबंध अर्धवट वाटतो.

बाकी पोट भरायचं ते वाळलेल्या गवतावर, आणि ते कायम समोर हवं. दात जन्मभर वाढतात, ते चघळण्यानेच झिजतात. लसूणघास पिल्लांना ठीक. मोठ्यांना त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियममुळे मूतखड्याचा धोका असतो.

आणि खाणंच थांबलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. रिकामं पोट या प्राण्याला सोसत नाही.