काजूच्या नव्या बागेत खुंटांचे फुटवे: औषध न मारता बंदोबस्त



डोंगरउतारावर नवीन काजू लावलेल्यांची एकच तक्रार येतेय. ऐन, किंजळ, कुडा तोडला तरी खुंटाला परत धुमारे येतात आणि एक-दोन वर्षांचं कलम सावलीत दबतं. तणनाशकाचा फवारा वाऱ्याने कलमावर गेला तर कलमच जातं. म्हणून हा बिनऔषधाचा मार्ग.

*फुटवा का येतो?*
पानगळीच्या दिवसांत झाडाचं अन्न मुळात साठलेलं असतं. तेव्हा तोडलं की त्याच साठ्यावर जोमाने फुटतं. भाजवणीसाठी ऐनाची कवळं तोडतो, तरी ऐन दरवर्षी फुटतोच ना! तसंच हे. माझीही एकदा चूक झाली. शिमग्यात तोडणी करायला सांगितली आणि गणपतीपर्यंत फुटवे कमरेला लागले. शेतकऱ्याची मजुरी वाया गेली.

*कधी तोडायचं?*
नवी पालवी पूर्ण उघडल्यावर मुळातला साठा कमी झालेला असतो. म्हणून पुनर्वसू-पुष्य नक्षत्रात, म्हणजे जुलैमध्ये तोडा. दुसरी फेरी दसऱ्याच्या आसपास. असं दोन-तीन वर्षं न चुकता केलं की खुंट दमतो. एक वर्ष सोडलं तर पुन्हा पहिल्यापासून.

*कसं करायचं?*
१) अंगठ्याएवढी रोपं आणि सुबाभळीची पिल्लं जमीन ओली असताना मुळासकट उपटा. मोठी असतील तर टिकाव-पहारीने काढा.
२) खुंट जमिनीलगत ठेवा. उंच खुंटाला डोळे जास्त, म्हणून फुटवेही जास्त.
३) कोवळे धुमारे कोयत्याने छाटू नका. हाताने खाली ओढून बुडासकट काढा. छाटलं की बुडाशी डोळे राहतात आणि एकाचे चार होतात.
४) मोठं झाड उभंच वाळवायचं असेल तर बुंध्याभोवती वीतभर रुंद पट्टीची साल काढा. आतला ओलसर थरही खरवडा. पानातलं अन्न मुळाकडे जाणं थांबतं आणि झाड सावकाश वाळतं. पट्टीखाली आलेले धुमारे खुडत राहा. वाटेजवळ किंवा घराजवळ हे करू नका, वाळलेलं झाड पडतं.

*सगळा डोंगर उघडा करू नका*
कलमाभोवती चारही बाजूंनी एक-एक मीटर मोकळं ठेवा. मधल्या पट्ट्यातली झुडपं फक्त कलमापेक्षा बुटकी ठेवा, ती माती धरून ठेवतात. काढलेला पाला कलमाच्या आळ्यात घाला, पण खोडाला चिकटवू नका. मजुरीही वाचते.

*हे करू नका*
खुंट जाळू नका, त्यावर डिझेल-मीठ ओतू नका. मूळ जिवंत राहतं, कलमं आणि माती मात्र बिघडते.

*दोन गोष्टी लक्षात ठेवा*
काजूच्या जोडाखालून आलेला फुटवा रायवळ असतो, तोही लगेच खुडा. आणि १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात काही जातींना परवानगी लागते. मोठं झाड तोडण्याआधी किंवा साल काढण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

या आठवड्यात बेणणी करतानाच खुंट बघून घ्या. शंका असेल तर खुंटाचा फोटो ग्रुपवर टाका, बघून सांगते.

आपली,
कृषी सल्लागार