वैद्यकीय पोथीसंग्रह आणि संशोधनाचे अनुदान

जुन्या वैद्यकाची ग्रंथालये आणि अभिलेखसंग्रह हे आपल्या क्षेत्राबाहेरचे आहेत, असा साहित्याच्या अभ्यासकांचा सर्वसाधारण समज असतो. भारतीय भाषांच्या बाबतीत तो टिकत नाही. आपल्याकडे वैद्यक पुष्कळदा पद्यात लिहिले गेले, ते काव्य, ज्योतिष व धर्मशास्त्र यांच्या पोथ्यांबरोबर एकाच बासनात बांधले गेले आणि एकाच लेखणीने उतरले. या संग्रहांतील संशोधनाला पैसा कोठून व कशासाठी मिळतो, हा प्रश्न म्हणूनच वाङ्मयाच्या इतिहासाचाही आहे.

अशा अनुदानाचे स्थूलमानाने तीन प्रकार संभवतात. पहिला, अभ्यासकाला संग्रहापर्यंत पोहोचण्यासाठी मिळणारी अल्पमुदतीची प्रवासवृत्ती. फिलाडेल्फिया येथे १७८७ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यांच्या विद्वत्सभेसारख्या संस्था आपल्या ग्रंथालयात काम करू इच्छिणाऱ्यांना अशी वृत्ती देत आल्या आहेत. दुसरा, संग्रहाला सूची, जतन व प्रतिमांकन यांसाठी मिळणारा निधी. तिसरा, एखाद्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती किंवा इतिहास सिद्ध करण्यासाठी काही वर्षे चालणारा प्रकल्प. यांत पहिल्याची व तिसऱ्याची प्रतिष्ठा मोठी असली, तरी दोन्हींचा पाया दुसऱ्यात आहे. सूचीत जी पोथी नाही, ती पाहण्यासाठी कोणी प्रवासखर्च मागू शकत नाही.

लंडनच्या वेलकम संग्रहाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. औषधनिर्मितीच्या व्यवसायात संपत्ती मिळविणारे हेन्री वेलकम (१८५३–१९३६) यांनी १९११ मध्ये डॉ. पैरा मल यांना भारतात पाठविले. पुढील सुमारे दहा वर्षांत त्यांनी हजारो पोथ्या मिळवून लंडनला रवाना केल्या. वेलकम यांच्या मृत्युपत्रानुसार १९३६ मध्ये न्यास स्थापन झाला व तो पुढे वैद्यकाच्या इतिहासाचा मोठा आश्रयदाता ठरला. तथापि डॉमिनिक वुजास्टिक यांनी तयार केलेल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीचा पहिला खंड १९८५ मध्ये आणि दुसरा १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पोथ्या विकत घेण्यास दहा वर्षे पुरली. त्या काय आहेत हे अभ्यासकांना सांगण्यास त्याच्या कितीतरी पट काळ गेला. शिवाय या संग्रहात वैद्यकाखेरीज काव्य, स्तोत्रे, ज्योतिष आणि जैन वाङ्मय यांचा भरणा मोठा आहे, हे सूचीमुळेच सर्वांच्या ध्यानात आले.

सूची असणे पुरेसे नसते. ती कोणत्या दृष्टीने केली, यालाही महत्त्व आहे. लोलिंबराजाचे ‘वैद्यजीवन’ घ्या. रोग व औषधे सांगणारा हा संस्कृत ग्रंथ कवीने आपल्या प्रियेला उद्देशून, शृंगाराच्या रंगात रचिला आहे. ‘हरिविलास’ हे काव्यही त्याच्याच नावावर आहे. विषयवार सूचीत पहिला ग्रंथ वैद्यकात व दुसरा काव्यात जातो आणि एक कवी दोन कपाटांत विभागला जातो. वृत्त, भाषा, लिपी, लेखनकाराचे नाव, समासातील टिपा यांची नोंद करणारी सूची हवी असेल, तर त्या कामाला लागणारा वेळ अनुदानात मुळातच धरावा लागतो.

तंजावरचा सरस्वती महाल हे याचे आपल्या अधिक निकटचे उदाहरण होय. दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीत (१७९८–१८३२) तेथील धन्वंतरी महालात निरनिराळ्या वैद्यकपद्धतींचे जाणकार एकत्र आले. अनुभवसिद्ध उपचार तमिळ पद्यांत गुंफले गेले, नेत्ररुग्णांची टिपणे व डोळ्यांची चित्रे जपली गेली, आणि राज्यकारभाराचे कागद मराठी भाषेत, मोडी लिपीत लिहिले गेले. ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते तीन हजारांवर आहेत. या साधनांतून त्या दरबारातील वैद्यकाचे समग्र चित्र उभे करावयाचे, तर संस्कृत, तमिळ, मराठी व इंग्रजी या चार भाषा आणि मोडीसह अनेक लिपी हाताशी लागतात. एकाच व्यक्तीच्या नावे दिलेली वृत्ती तेथे अपुरी पडते. गरज असते ती दोघातिघांच्या मंडळाला पोसणाऱ्या निधीची.

गेल्या काही दशकांत निधीचा ओघ प्रतिमांकनाकडे वळला आहे. ब्रिटिश ग्रंथालयाने २००४ मध्ये सुरू केलेल्या संकटग्रस्त अभिलेखांच्या कार्यक्रमाने मूळ साधने त्यांच्या देशातच राहावीत व प्रतिमा सर्वांना मिळाव्यात, हे स्तुत्य धोरण ठेवले. भारतात राष्ट्रीय पांडुलिपी मिशन २००३ मध्ये स्थापन झाले. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या सर्वेक्षण-जतनासाठी ज्ञान भारतम् मिशन घोषित झाले. ही व्याप्ती स्वागतार्ह आहे. मात्र प्रतिमांची संख्या मोजता येते, वाचन मोजता येत नाही. म्हणून अहवालात पहिलीला स्थान मिळते व दुसरे मागे राहते. मोडी वाचणारा मनुष्य नसेल, तर मोडी कागदाची स्वच्छ प्रतिमा ही तितकीच मुकी असते.

यास्तव भाषाविभागांनी अनुदानाच्या दारी केवळ मागणारे म्हणून उभे राहू नये. लिपी वाचणारे व पाठ लावणारे विद्यार्थी घडविणे त्यांच्याच हाती आहे. वैद्यकाच्या इतिहासकाराबरोबर संयुक्त प्रस्ताव करावा. त्यात यंत्रसामग्रीच्या रकमेशेजारी लिपिवाचकाचे वेतन आणि सूचीच्या मुद्रणाचा खर्च स्पष्ट मांडावा. आणि ज्या संग्रहात काम झाले, त्याला सुधारलेल्या नोंदींची प्रत परत द्यावी. एका अभ्यासकाला मिळालेला निधी त्याच्या प्रबंधापाशी संपतो. चांगल्या सूचीवर झालेला खर्च पुढच्या प्रत्येक अभ्यासकाच्या पदरी पडतो.