ब्रह्मदेशातले पूल आणि लोहगावचे लिबरेटर

दौंडहून सोलापूरकडे निघालेली गाडी इंदापूर तालुक्यात भिगवणला लागते. या मार्गाच्या आसऱ्याने वाढलेल्या बारामती-इंदापूरकरांना रेल्वेचा पूल नवा नाही. पण तोच पूल आठ-दहा हजार फुटांवरून सुतासारखा दिसतो. विमानातून टाकलेला बॉम्ब पुलाच्या लांबीत थोडा पुढेमागे पडला तरी चालतो, पण डावी-उजवीकडे काही फूट सरकला की नदीतच जातो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात पूल पाडण्याचं काम चार इंजिनांच्या बी-24 लिबरेटर विमानांनी केलं. 1942 मध्ये रंगून पडलं होतं आणि जपानी फौजेचं धान्य, दारूगोळा मुख्यतः रेल्वेने पुढे सरकत होता. पूल तुटला की पुढची पलटण उपाशी. बंगालमधल्या धावपट्ट्यांवरून लिबरेटर उठत आणि कित्येक तासांचा प्रवास करून पुलांवर येत. उंचावरचे बॉम्ब वाया जातात हे दिसल्यावर वैमानिक विमान खाली आणू लागले. आपल्याच स्फोटात आपण सापडू नये म्हणून बॉम्ब काही सेकंद उशिरा फुटेल अशी सोय केलेली असे. बंगालमधल्या पांडवेश्वरच्या अमेरिकी 493व्या स्क्वाड्रनने 27 डिसेंबर 1944 रोजी प्यिनमानाच्या रेल्वेपुलावर ‘अ‍ॅझॉन’ बॉम्ब वापरला. त्याच्या शेपटीत ज्योत आणि रेडिओ होता. ज्योतीवर नजर ठेवून विमानातला माणूस पडत्या बॉम्बला फक्त डावीकडे किंवा उजवीकडे वळवू शकत असे. पुलासाठी नेमकं तेवढंच लागतं. आजच्या मार्गदर्शित बॉम्बचा हा पूर्वज आपल्या बंगालमधून उडाला, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

पूल पाडूनही काम संपत नसे. जपानी शेजारी लाकडी पूल उभारत, मग तोही पाडायचा. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर तर या बॉम्बफेकीची किंमत भलत्यांनीच मोजली. हा 415 किलोमीटरचा मार्ग ऑक्टोबर 1943 मध्ये पुरा झाला, तो युद्धकैद्यांच्या आणि आशियाई मजुरांच्या जिवावर. त्यात मलायातले तमिळ मळेकामगार मोठ्या संख्येने होते. कैद्यांच्या छावण्या पुलालगत असल्याने नोव्हेंबर 1944 मध्ये था माखाम इथे मित्रराष्ट्रांचेच बॉम्ब कैद्यांवर पडले. त्या पुलावर पुढे चित्रपट निघाला, पण मेलेल्या मजुरांची नावंसुद्धा कुणी नीट लिहून ठेवली नाहीत. हे मला फार मोठं पाप वाटतं.

युद्ध संपलं. उधार-उसनवारीच्या करारातली विमानं परत करायची नाहीतर मोडायची होती. कानपूरला उभ्या असलेल्या लिबरेटरांची मोडतोड झाली, इंजिनांत वाळू ओतली गेली. पण पाकिस्तानशी लढाई पेटल्यावर भारताला जड बॉम्बफेकी विमानं हवी होती आणि विकत मिळत नव्हती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी या सांगाड्यांतून सुमारे 40 विमानं उभी केली. चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी जेमतेम उडण्याजोगी झालेली विमानं पुढच्या दुरुस्तीसाठी कानपूरहून बंगळूरला नेली. या धाडसाला हवाई दलाच्या इतिहासात मानाचं पान मिळायला हवं. नोव्हेंबर 1948 मध्ये 5 क्रमांकाचं स्क्वाड्रन या विमानांवर उभं राहिलं.

1951 मध्ये 6 क्रमांकाचं स्क्वाड्रन पुण्यात लिबरेटरवर पुन्हा उभं राहिलं, आणि पूल पाडण्यासाठी नावाजलेली विमानं लोहगावहून अरबी समुद्रावर पहारा द्यायला निघाली. पुढे 1957 पासून जेट बॉम्बफेकी कॅनबेरा हवाई दलात आली. 18 डिसेंबर 1961 रोजी गोव्यातल्या दाभोळीच्या धावपट्टीवर त्यांनीच बॉम्ब टाकले. तिथेही इमारतींना धक्का लावू नका असा हुकूम होता, म्हणजे नेमकेपणाचा प्रश्न सुटलेला नव्हता. लिबरेटर मात्र 1968 च्या अखेरीपर्यंत भारतात उडत राहिले. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही हवाई दलाने लढाऊ कामासाठी त्यांना एवढा काळ वापरलं नाही.

त्यांपैकी एक विमान 1974 मध्ये भारतीय वैमानिकांनीच उडवत ब्रिटनला नेलं आणि तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयाला दिलं. दुसरं अमेरिकेतल्या एका संस्थेने विकत घेतलं आणि 1989 मध्ये पुन्हा आकाशात नेलं. एक दिल्लीला पालमच्या संग्रहालयात आहे.