बाई घोरते म्हणून हसू नका

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा होताना एका ताईंचा हमखास डोळा लागायचा. "रात्री काय दळण दळता का?" म्हणून आम्ही हसायचो. मागाहून कळलं, त्या खूप घोरतात आणि लाजेपायी वर्षभर स्वयंपाकघरात एकट्या झोपतात. पुरुष घोरला की दमलाय म्हणायचं, बाई घोरली की नावं ठेवायची! आपण हसलो, याचं आम्हाला अजून वाईट वाटतं.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणं झोपलं की जीभ मागे सरकते, हवेची वाट चिंचोळी होते. तिथून श्वास जाताना मऊ टाळू आणि पडजीभ थरथरते, तोच घोरण्याचा आवाज. सर्दीनं नाक चोंदून चार दिवस घोरलं तर घाबरायचं कारण नाही. काहींची मात्र वाटच बंद होते. छाती हलते, पण हवा आत जात नाही. 10 सेकंद, कधी त्याहूनही जास्त. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस गुदमरल्यासारखा श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला काही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला 30 वेळा किंवा जास्त असं झालं तर आजार तीव्र धरतात. मग झोप कसली? रक्तदाबही वाढतो.

पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे वाढतं. सकाळी डोकं दुखतं, दिवसभर थकवा असतो, आणि आपण म्हणतो, अशक्तपणा आहे, टॉनिक घ्या. जाड माणसालाच होतं असंही नाही. लहान मूल रोज घोरत असेल तर टॉन्सिल दाखवून घ्या.

ताईंच्या सुनेनं रात्री शेजारी झोपून मोबाईलवर आवाज रेकॉर्ड केला. मध्येच सगळं शांत, मग एकदम मोठा श्वास. तोच तिनं कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना ऐकवला. रात्रभर तारा लावून झोपेची तपासणी झाली, आणि नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं वाट उघडी ठेवणारं मशीन मिळालं. पहिले काही दिवस ताई रोज ते काढून फेकायच्या. मशीन महाग आहे, हेही सांगायला हवं. आम्ही गटातून कर्ज दिलं.

सौम्य त्रासात कुशीवर झोपणं, वजन उतरवणं यानंही फरक पडतो. दारू आणि मनानं घेतलेली झोपेची गोळी मात्र घसा आणखी सैल करते.

आता हप्त्यांची वही ताईच लिहितात. आणि झोपतात सुनेच्या शेजारच्या खोलीत, पलंगावर.