पेपरवाल्या कुत्र्याचे डोळे

ठेलारी मेंढपाळांच्या मेंढरांमागून धावणाऱ्या कुत्र्याची वंशावळ कोणी लिहून ठेवत नाही. वाडा बसला त्या शिवारात जे भेटलं त्याच्याशी त्याचं जमतं, आणि अंधारात ज्याला लांडगा दिसत नाही ते फार काळ टिकत नाही. साक्री तालुक्यात ही निवड पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. पिंपळनेरच्या नव्या बंगल्यांत आलेल्या लॅब्रॅडॉरची, जर्मन शेफर्डची निवड मात्र माणसाने केली. ती करताना त्याने रंग पाहिला, शेपटी पाहिली, नाकाडाची लांबी पाहिली. डोळ्याच्या आतला पडदा बाहेरून दिसत नाही, तो राहून गेला.

या पडद्याच्या आनुवंशिक क्षयाला डॉक्टर ‘पीआरए’ म्हणतात. त्याची पहिली नोंद १९११ साली स्वीडनमध्ये, गॉर्डन सेटर जातीत झाली. सुरुवात रातांधळेपणाने होते. संध्याकाळी कुत्रा ओट्यावरून उतरायला कचरतो आणि घरचे म्हणतात, ‘म्हातारा व्हई गया’. घरात बाज कुठे, पाण्याचं भांडं कुठे, हे त्याला पाठ असतं. त्यामुळे आंधळेपण महिनोन्‌महिने लपून राहतं. टॉर्चच्या उजेडात डोळे नेहमीपेक्षा जास्त चमकू लागले, बाहुल्या मोठ्याच राहू लागल्या, की समजावं. पडदा झिजल्यामुळे त्याच्यामागचा चमकदार थर जास्त उजेड परतवतो. पुढे मोतीबिंदूही चढतो, पण पडदाच मेला असेल तर तो काढून काही उपयोग नाही. म्हणून शस्त्रक्रियेआधी पडद्याची विद्युत तपासणी करतात.

लॅब्रॅडॉरमध्ये हे बहुधा मध्यम वयात उघड होतं. तोवर त्याची पिल्लं चार गावांना गेलेली असतात. शिवाय दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच आजार होतो. एकाच बाजूने आला, तर कुत्रं जन्मभर ठणठणीत पाहतं आणि दोष पुढे देतं. असे दोन वाहक जुळले की प्रत्येक पिल्लाला आंधळेपणाचा धोका चारात एक. बक्षीस मिळवलेला एकच नर जिथे तिथे वापरायचा, मग त्याच्याच नातवंडांना आपसात जुळवायचं, याला धंद्यात ‘लाइन’ राखणं म्हणतात. ‘पेपरवाला आहे’ म्हणून पैसेही जास्त लागतात. त्या पेपरवर आईबापांची नावं असतात. डोळ्यांच्या तपासणीचा दाखला वेगळा मागावा लागतो, आणि मागणारा गिऱ्हाईक मला तरी भेटलेला नाही.

जर्मन शेफर्डचा आजार आपल्या उन्हाशी बांधलेला आहे. डोळ्याच्या पारदर्शक भागावर, बहुधा बाहेरच्या कोपऱ्याकडून, लालसर आणि मग काळपट पापुद्रा चढत जातो. त्याचं नाव ‘पॅनस’. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच डोळ्यावर उलटते. तसा कल वंशातून येतो आणि उन्हातले अतिनील किरण तो भडकवतात. खानदेशातल्या चैत्र-वैशाखात गच्चीवर बांधलेल्या शेफर्डला याहून वाईट जागा नाही. स्टिरॉइडचे किंवा सायक्लोस्पोरिनचे थेंब जन्मभर घालावे लागतात. बरं वाटलं म्हणून बंद केले की पापुद्रा परतलाच. मात्र मेडिकलमधून आणून मनाने घालू नयेत. डोळ्यात जखम असेल तर स्टिरॉइडने ती चिघळते.

पगचं दुखणं चेहऱ्यातच आहे. २००३ च्या ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीने तो घरोघरी पोचवला. त्याच्या डोळ्याची खोबण उथळ, नाकाजवळची पापणी आत वळलेली. केस घासत राहतात आणि डोळा काळवंडतो.

प्रत्येक आंधळेपण आनुवंशिक नसतं, हेही खरं. आपल्याकडे गोचिडांपासून होणाऱ्या तापानेही दृष्टी जाते, आणि तिथे वेळेवर उपचार केले तर डोळा वाचू शकतो. म्हणून निदान आधी. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे, पण गावातल्या दवाखान्याचा दिवस गाईम्हशींतच जातो.

कुत्र्याच्या आंधळेपणाने माणसाचंही भलं केलं. ब्रिआर्ड जातीच्या लान्सलॉटमध्ये ‘आरपीई६५’ या जनुकात जन्मतः दोष होता. अमेरिकेत त्याच्या डोळ्यात निर्दोष जनुक सोडलं आणि त्याला दिसू लागलं. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. त्याच वाटेने पुढे जाऊन, याच जनुकातल्या दोषामुळे दृष्टी जाणाऱ्या माणसांसाठीच्या ‘लक्सटर्ना’ या उपचाराला तिथे २०१७ मध्ये मंजुरी मिळाली.

लॅब्रॅडॉरच्या पीआरएला कारण असलेला जनुकातला बदल २००६ साली सापडला. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर त्याची तपासणी होते, तीही पैदाशीआधी. वाहक निघालेलं कुत्रं घराबाहेर काढायचं कारण नाही. निर्दोष जोडीदाराशी जुळवलं तर काही पिल्लं वाहक निघतील, या दोषाने आंधळं एकही होणार नाही.